काळ्या पडलेल्या चांदीला घरी उजाळा देताना

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा एक टाक आहे, आजीच्या सासूबाईंच्या वेळचा. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती आणि मागे तांब्याचा पत्रा. घोड्यावर देव, शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा, असं सगळं त्यावर आहे हे मला आजीने सांगितलं म्हणून माहीत. आज बोट फिरवलं तर घोड्याच्या पाठीचा आणि देवाच्या खांद्याचा उंचवटा तेवढा हाताला लागतो. नाक, डोळे, हातातली तलवार, सगळं सपाट झालंय. टाक कधी पडला नाही, कुणी आपटला नाही. चार पिढ्यांच्या बायकांनी तो दर सणाला आधी राखेने, मग रांगोळीने, पुढे दंतमंजनाने मनापासून घासला. दर वेळी लख्ख व्हायचा, आणि दर वेळी थोडा देव फडक्यावर निघून यायचा.

गौरी-गणपती आले, दिवाळी आली की घरोघरी हेच चालतं. करंडा, निरांजन, पंचपाळं, अत्तरदाणी, गुलाबदाणी, बाळाच्या बारशाला आलेली वाटी, सगळं माळ्यावरून खाली येतं आणि काळं-पिवळं दिसतं. मग कुणी टूथपेस्ट सांगतं, कुणी चिंच, कुणी फॉइल, कुणी तुरटी. यातलं काय चालतं आणि का, हे एकदा समजून घेतलं तर कुणाला विचारावं लागत नाही. त्यासाठी आधी ते काळं म्हणजे काय हे बघू.

काळं येतं कुठून

लोखंड हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओलाव्याने गंजतं. चांदीचं तसं नाही. आपल्या घरातल्या तापमानाला नुसत्या ऑक्सिजनने तिला काही होत नाही. तिचं जमतं ते गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी नाममात्र असतो, सडक्या अंड्याला येतो तो वास त्याचाच. हा वायू, थोडा ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पृष्ठभागावरच्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. चांदीचे दोन अणू आणि गंधकाचा एक. रंग काळा.

म्हणजे ते काळं बाहेरून येऊन बसलेला मळ नाही. तुमच्या वाटीचीच वरची चांदी गंधकाशी बांधली गेली आहे. वजनाने बघितलं तर त्या काळ्या थरात 87 टक्के चांदीच असते, गंधक फक्त 13 टक्के. हे आकडे मला पहिल्यांदा कळले तेव्हा आजीचं ते काळं झालेलं फडकं डोळ्यांसमोर आलं.

थर फार पातळ असतो. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा झाला तरी डोळ्यांना दिसतो. म्हणून चांदी एकदम काळी होत नाही. आधी पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग जांभळट-निळसर, आणि शेवटी काळं. पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की रंग दिसतात ना, तसेच हे रंग थराच्या जाडीमुळे दिसतात. पिवळसर झाक असतानाच हात लावला तर काम निम्म्याहून कमी असतं.

घरात गंधक कुठे असतं? अंड्यात, कांद्या-लसणात, हिंगात. पादेलोणाला जो उग्र वास येतो त्यामागे हेच. लोकरीत असतं, रबरात असतं. रबर पक्कं करायला त्यात गंधकच घालतात, म्हणून रबरबँडने बांधलेल्या चमच्यांवर नेमकी रबराच्या जागी काळी रेघ उठते. घराजवळून उघडा नाला जात असेल तर त्या घरातली चांदी लवकर काळवंडते. ठाणे जिल्ह्यातलं वज्रेश्वरी किंवा दापोलीजवळचं उन्हवरे इथल्या गरम पाण्याच्या कुंडांत उतरताना पैंजण-जोडवी काढून ठेवावीत, ती यामुळेच. आणि हवा जितकी दमट, तितका वेग जास्त. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बायका पावसाळ्यात पैंजणांबद्दल कुरकुरतात ती अगदी खरी आहे.

अंगावरची चांदी काळी पडली की प्रकृती बिघडली, नजर लागली, असं म्हणतात. घामात आणि त्वचेत गंधकाची संयुगं असतातच. त्यात काही मलमं, खरजेवरचे गंधकाचे साबण, केसांना लावायची रसायनं यांची भर पडते. चांदीला आजार कळत नाही, तिला फक्त गंधक कळतं. लहान मुलाचे वाळे काळे पडले म्हणून घाबरून जाऊ नका.

अजून एक गोष्ट. दागिन्यांची आणि भांड्यांची चांदी सहसा शुद्ध नसते, कारण शुद्ध चांदी फार मऊ. तिला ताकद यावी म्हणून तांबं मिसळतात. हॉलमार्कवर 925 असेल तर हजारात 925 भाग चांदी आणि उरलेले 75 बहुधा तांबं. 990 लिहिलं असेल तर मिसळ फक्त दहा भागांची. तांबं चांदीपेक्षा लवकर बिघडतं, त्यामुळे मिसळ जास्त तसं काळवंडणंही जास्त. आणि "जर्मन सिल्व्हर" म्हणून जे विकतात त्यात चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. त्याला खाली सांगितलेला फॉइलचा उपाय करून उपयोग नाही.

आधी काळं कसलं ते बघा

निरांजनावरचं काळं आणि करंड्यावरचं काळं वेगळं. निरांजनावर असते ती काजळी, म्हणजे कोळसा, आणि तुपाचा चिकट थर. तिथे गंधकाचा संबंध नाही. कोमट पाण्यात रिठा चोळून ते पाणी लावलं तर ती सुटते. रिठ्याला फेस येतो तो साबणासारखाच काम करतो, तेल-तूप ओढून घेतो. सराफ कट्ट्यावर दागिने धुवायला रिठ्याचं पाणी वापरतात ते याचसाठी. पण सल्फाइडवर रिठा चालत नाही, त्याला साबणही हलवू शकत नाही. म्हणून पहिलं पाऊल नेहमी कोमट पाणी आणि रिठा, मऊ ब्रश, आणि मग बघायचं उरलं काय. अनेकदा एवढ्यानेच निम्मं काम होतं आणि आपण उगीच घासायला बसतो.

हिरवट डाग दिसला तर तो मिसळलेल्या तांब्याचा कळंक. पांढरट ठिपके बहुधा जड पाण्यातले क्षार.

घासणं: राख, रांगोळी, टूथपेस्ट

घासून चांदी चमकते यात शंका नाही. प्रश्न आहे काय निघून जातं हा. मोहस् नावाचं कठीणपणाचं माप आहे, 1 ते 10. चांदी त्यात अडीच-तीनच्या घरात येते. गारगोटी सातावर. राखेत सिलिका असते, म्हणजे गारगोटीचाच भाऊबंद. भाताच्या तुसाच्या राखेत तर बहुतांश तीच. रांगोळी ही पांढऱ्या दगडाची पूड. टूथपेस्ट दातांच्या एनॅमलसाठी बनवलेली असते आणि एनॅमल मोहस् मापावर पाचाच्या आसपास, चांदीपेक्षा कितीतरी कठीण. दाताला जे सोसतं ते चांदीला सोसेलच असं नाही. चांदीवर टूथपेस्ट फिरवून ती उन्हात तिरकी धरा, बारीक ओरखड्यांचं जाळं दिसेल.

काळ्या थरात चांदी किती असते याचा मी एकदा हिशोब मांडला. मध्यम वाटीचा आतून-बाहेरून पृष्ठभाग धरला दोनशे चौरस सेंटिमीटर आणि थर धरला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. चांदी निघाली साधारण बारा मिलिग्रॅम. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. म्हणजे फक्त काळं निघून गेलं असतं तर आमच्या खंडोबाचं नाक गेलं नसतं. खरखरीत पूड काळ्याबरोबर खालची चांगली चांदीही खरवडते, आणि सगळ्यात जास्त खरवडते ती उंचवट्यावरची. नाक, बोटं, नक्षीच्या कडा, नाव कोरलेली अक्षरं.

सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोनं-चांदी काढणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या त्यावर जगले. घासण्यातून किती धातू जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

घासायचंच असेल तर चांदीसाठी मिळणारं पॉलिशचं कापड घ्या. त्यातली पूड बारीक असते. हात गोल गोल न फिरवता सरळ एका दिशेने न्या, म्हणजे ओरखडे उठले तरी डोळ्यांत खुपत नाहीत. विभूती राखेपेक्षा बारीक असते हे खरं. पण ती घरी चाळलेली असेल तर तिच्यात एखादा खडा राहून जातो आणि तेवढा पुरतो.

चिंच, लिंबू, तुरटी

पितळेचा तांब्या चिंचेने क्षणात उजळतो, म्हणून चांदीलाही चिंच लावतात. पण तांब्या-पितळेवरचा थर आंबटाने विरघळतो आणि चांदीवरचं सल्फाइड चिंचेच्या, लिंबाच्या किंवा ताकाच्या आंबटाला दाद देत नाही. थोडा उजेड येतो तो मिसळलेलं तांबं साफ झाल्याचा. ताटात लोणचं-चिंच तासन् तास ठेवली तर उलट तांबं उतरून हिरवट दिसायला लागतं.

तुरटीचं कारण जरा गमतीचं आहे. लोक म्हणतात, तुरटीत अॅल्युमिनियम असतं, फॉइलमध्येही अॅल्युमिनियम, मग काम तेच. काम तेच नाही. फॉइलमधलं अॅल्युमिनियम हा धातू आहे, त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन आहेत. तुरटीतल्या अॅल्युमिनियमने आपले इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेले असतात. चांदीला जे हवंय तेच त्याच्याकडे उरलेलं नाही. ते का हवंय, ते आता सांगते.

फॉइल आणि सोडा: चांदी परत मिळते

मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण यात काळं काढून फेकलं जात नाही. त्यातलं गंधक काढून घेतलं जातं आणि चांदी जिथल्या तिथे राहते.

पोळ्या गुंडाळतो ती अॅल्युमिनियमची फॉइल काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात तळाशी अंथरा, चकचकीत बाजू वर की खाली याने फरक पडत नाही. रिठ्याने धुतलेली वाटी तिच्यावर ठेवा. वाटी फॉइलला टेकलेलीच हवी. एक लिटर पाणी चांगलं उकळा. पाव वाटी खायचा सोडा आणि चहाचा चमचाभर मीठ वाटीभोवती पसरा आणि पाणी हळूहळू ओता. सोडा फसफसून वर येतो, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका. खिडकी उघडी ठेवा.

गेल्या दिवाळीत लेकीच्या बारशाची वाटी मी अशी ठेवली. काठावर जांभळट, तळाला तपकिरी. अर्ध्या मिनिटात तळाचा रंग फिका पडायला लागला, जणू आतून कुणी दिवा मोठा करतंय. मग सडक्या अंड्याचा मंद वास आला. तो वास आला म्हणजे काम होतंय. पाच मिनिटांनी वाटी पांढरी झाली होती आणि तिच्याखाली फॉइलवर तळाच्या आकाराचं करडं वर्तुळ उमटलं होतं.

झालं असं. सल्फाइडमध्ये अडकलेल्या चांदीने आपला एक-एक इलेक्ट्रॉन गंधकाला देऊन टाकलेला असतो. तो परत मिळाला की ती पुन्हा धातू होते. अॅल्युमिनियमला इलेक्ट्रॉन द्यायची घाई चांदीपेक्षा कितीतरी जास्त. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले असले की इलेक्ट्रॉन फॉइलमधून वाटीत जातात, गंधक सुटून पाण्यात येतं, आणि त्यातलं थोडं वायू होऊन नाकाला कळतं. टेकलेलं नसेल तर वाट तुटते आणि काही होत नाही. ज्यांचं "आम्ही करून बघितलं, काही झालं नाही" असं म्हणणं असतं त्यांची वाटी बहुधा तरंगत असते, एखाद्या पायावर उभी असते किंवा पाणी कोमट असतं. सोडा कशाला? अॅल्युमिनियमवर ऑक्साइडची एक पारदर्शक कातडी असते, ती सोडा खातो, म्हणून आतला धातू कामाला येतो. मीठ पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून. पाणी गरम असलं की सगळंच लवकर होतं. धुण्याचा सोडा खायच्या सोड्यापेक्षा जोरदार चालतो, पण मग हातमोजे घाला, आणि तेही रबराचे नकोत.

फॉइल नसेल तर आपल्याकडे ज्याला "जर्मन"चं पातेलं म्हणतात ते जुनं पातेलं घ्या. ते अॅल्युमिनियमचंच. (जर्मन सिल्व्हरशी त्याचा काही संबंध नाही, नावाचा घोळ तेवढा आहे.) सोड्याने पातेलं आतून खराब होतं, तेव्हा स्वयंपाकातून बाद झालेलंच घ्या. काळसर हार्ड अॅनोडाइज्ड कढई चालणार नाही, तिच्यावरची कातडी मुद्दाम जाड केलेली असते.

वाटी बाहेर काढली की नळाखाली भरपूर धुवा. मीठ चांदीवर राहिलं तर त्यातल्या क्लोराइडचे डाग पडतात, आणि हे डाग पुन्हा फॉइललाही सहज दाद देत नाहीत. चांदीच्या वाटीत मीठ किंवा लोणचं साठवून ठेवू नये म्हणतात ते यासाठीच. लगेच जुन्या सुती धोतराच्या किंवा मलमलीच्या फडक्याने टिपून कोरडी करा. परत आलेली चांदी थोडी मंद, दुधाळ दिसते, कारण ती बारीक कणांनी बसलेली असते. फडक्याने हलकं पुसलं की चकाकी येते.

कशाला फॉइल लावायची नाही

मोत्याची नथ, चिंचपेटी, पोवळं. मोती आणि पोवळं मुळात चुनखडीच्या जातीचे, उकळतं सोड्याचं पाणी त्यांचं पाणी घालवतं, आणि दोरा कुजतो तो वेगळाच. आत लाख किंवा राळ भरलेले पोकळ दागिने, कारण गरम पाण्यात लाख वितळते. मीनाकाम. डिंकाने खडे चिकटवलेलं काहीही. ऑक्सिडाइज्ड दागिने तर मुळीच नकोत. त्यांची काळी नक्षी कारागिराने मुद्दाम चढवलेलं सल्फाइडच असतं आणि फॉइल मुद्दाम आणि आपोआप यांत भेद करत नाही. हुपरीच्या पैंजणांना फॉइल चालते, पण घुंगरांच्या आत पाणी राहतं. ती उन्हात नीट वाळवून मगच ठेवा.

बाजारात बुडवायचं पाणी मिळतं, ज्यात वस्तू बुडवली की दहा सेकंदांत पांढरी होते. त्यात बहुतेक वेळा आम्ल आणि थायोयुरिया असतो. बाळाच्या बोंडल्याला, वाटी-चमच्याला, पंचामृताच्या भांड्याला मी ते कधी लावणार नाही.

आणि टाक. पुढे चांदी, मागे तांबं, मध्ये पाणी शिरायला फट. त्याला बुडवायचं नाही. रिठ्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने टिपायचं, लगेच कोरडं करायचं, आणि खोलगट भागातलं काळं राहू द्यायचं. ते काळं आहे म्हणून उंचवटा उठून दिसतो. सगळं पांढरं केलं तर देव पत्र्यात विरघळतो.

ठेवायचं कसं

रोज वापरातली चांदी फार काळी पडत नाही, कारण रोजच्या धुण्या-पुसण्यात थर जमायलाच सवड मिळत नाही. म्हणून मी तर म्हणते, फुलपात्र आणि वाटी माळ्यावर टाकू नका, वापरा. जे ठेवायचंच ते पूर्ण कोरडं करून मऊ सुती कापडात गुंडाळा आणि हवा काढून झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला. सोबत सिलिका जेलची पुडी, औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येते ती. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, लोकरीच्या शालीत नको, रबरबँड नको, आणि हिंगाच्या डब्याच्या कप्प्यात तर अजिबात नको.

मोठी नक्षीची वस्तू पेढीवर उजाळ्याला दिली तर देण्याआधी आणि घेताना समोर वजन करून घ्या, आणि मशीनवर बफ मारायचा की नाही हे आधी बोलून घ्या. बफाने आरशासारखी चमक येते, पण घट होते.

आमचा टाक मी मागच्या चंपाषष्ठीच्या आधी एका म्हाताऱ्या कारागिरांकडे नेला होता. त्यांनी डोळ्याला भिंग लावून तो बराच वेळ फिरवून बघितला. म्हणाले, "ताई, नवा करून देतो, पण हा आता घासू नका." मग नखाच्या टोकाने देवाच्या खांद्याजवळची जागा दाखवली. तिथे मोहरीएवढा लालसर ठिपका होता. चांदी संपून मागचं तांबं वर आलं होतं.